माहेरची घंटा

पंचवटीत पूर मोजायला मीटर लागत नाही. गंगाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, खांद्याला आलं, एवढं कुणी फोनवर सांगितलं की टपरीवाले टपऱ्या उचलतात, भांडीवाले भांडी वर नेतात. (गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा. इथे ती गंगाच.) त्याच्याही पुढचं माप म्हणजे नारोशंकराची घंटा. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये घाटाला लागून रामेश्वराचं देऊळ बांधलं, त्याच्या कमानीत ही भली थोरली घंटा टांगलेली आहे. पाणी घंटेला लागण्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात झाली, की १९६९ चा पूर पाहिलेली माणसं आवाज खाली घेतात.

ही घंटा मुळात देवळासाठी ओतलेलीच नव्हे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांना गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला, आणि एक आमच्याकडे. हिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे असं सांगतात. म्हणजे वसईत जेमतेम अठरा वर्षं वाजली आणि उरलेलं जवळजवळ सगळं आयुष्य घाटावर गेलं.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कॅथलिक घरात बारा वर्षांपूर्वी वसईची सून आली. लग्नानंतरच्या पहिल्या बुधवारी सासूबरोबर घाटावरच्या बाजाराला गेली. हातात मेथीची जुडी, आणि सासूनं कमानीकडे बोट दाखवून सांगितलं, ही तुमच्या वसईची. सुनेनं मान वर करून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्याआधी ही आली होय सासरी!"

हा किस्सा सासूनं मला निदान दहा वेळा सांगितला असेल. दर वेळी ती शेवटाकडे येईपर्यंत स्वतःच हसायला लागते आणि वाक्य सुनेला पुरं करावं लागतं. या अंकासाठी 'आनंद' या विषयावर लिहायचं ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा हेच घर आठवलं. याचा अर्थ तिथे सदा सुख नांदतं असा नाही. त्या घरातली भांडणं मला माझ्या स्वयंपाकघरातून ऐकू येतात.

*

सासूला सगळी गल्ली 'सिस्टर' म्हणते, कारण ती सरकारी दवाखान्यात तेहेतीस वर्षं नर्स होती. चर्चमध्ये मात्र सिस्टर म्हणजे व्रतस्थ भगिनी, मठातली. "तिथे मला मावशी म्हणतात," ती सांगते. "नवरा, दोन पोरं आणि नातवंडं असलेली सिस्टर चर्चला परवडायची नाही."

नवरा एसटीच्या पंचवटी डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. त्यांना आम्ही काका म्हणतो. सप्तशृंगी गडाची चैत्रातली यात्रा, त्र्यंबकची निवृत्तिनाथांची यात्रा, दोन सिंहस्थ आणि हरेगावची मतमाऊली या सगळ्यांच्या जादा गाड्या त्यांनी हाकल्या. कुठल्या देवाचे प्रवासी जास्त शिस्तीचे, असं मी एकदा विचारलं. "उलटी सगळ्यांनाच होते," एवढंच बोलून काकांनी पेपर उचलला.

मुलगा सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये. सून घरी शिकवण्या घेते. नातू दहा वर्षांचा, नात सहाची. मुलगी पुण्याला दिली आहे; ती रोज रात्री नऊला फोन करून आईला औषधं घेतली का विचारते आणि आई रोज तिला 'मी नर्स आहे' हे नव्यानं सांगते.

रोज संध्याकाळी साडेसातला टीव्ही बंद होतो आणि रोझरी सुरू होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जपमाळेचे पाच भाग, प्रत्येकात दहा मणी, दर दहांनंतर एक वेगळी प्रार्थना. नात तिसऱ्या दहाला आजीच्या मांडीवर झोपते. नातू मणी न मोजता घड्याळ मोजतो. काका जपमाळ विनाथांबा म्हणतात. त्यांचा वेग इतका, की सिस्टर मध्येच प्रार्थना थांबवून म्हणाली होती, "अहो, ही लाल डबा गाडी आहे. थांबे घ्या." माझ्यासमोर घडलं म्हणून सांगते, परकं माणूस बसलंय याचं कुणालाही काही वाटलं नाही. आमच्याकडे आरतीला मोबाइल वाजतोच की.

काकांची आई शेवटपर्यंत काही उत्तरं लॅटिनमध्ये द्यायची. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये भरलेल्या धर्मपरिषदेनं उपासना लोकांच्या भाषेत करायला वाट मोकळी केली, आणि मग गावोगावच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. त्याआधी म्हातारीनं तोंडपाठ केलेल्या लॅटिनचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. आमच्या आजीलाही रुद्राचा नव्हता. दोघींचं काही अडलं नाही.

*

काकांचं मूळ गाव राहुरी तालुक्यात, केंदळच्या बाजूला. मराठी कॅथलिकांच्या इतिहासात केंदळचं नाव ठळक आहे. फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी १९०३ मध्ये तिथे 'निरोप्या' हे मासिक सुरू केलं. काकांच्या लोखंडी कपाटात त्याचे जुने अंक दोरीनं बांधून ठेवलेत. नाशिकमध्ये मराठी ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला रेव्हरंड टिळक आणि 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई आठवतात, शरणपूर आठवतं. ती मंडळी प्रॉटेस्टंट. कॅथलिकांचा ओघ मुख्यतः नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून आला, दुष्काळ पाहिलेल्या, बहुतेक करून गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून. १५ मे १९८७ ला पुण्यापासून वेगळा होऊन नाशिक धर्मप्रांत झाला, जेझुइट थॉमस भालेराव पहिले बिशप झाले, आणि नाशिक, नगर, धुळे, जळगाव एका छत्राखाली आले.

पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गाव काय म्हणालं, हे काका काही न लपवता सांगतात. "म्हणाले, भाकरीसाठी बाटला. बरोबरच बोलले. भाकरी मिळाली हे खोटं नाही. ज्या माणसानं भाकरी दिली त्याचा देव कसा आहे ते बघावंसं वाटलं, यात पणजोबांचं काय चुकलं?"

त्यांच्या घरापासून काळाराम मंदिर चालत दहा मिनिटांवर. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, त्या दरवाज्यावरून काका रोज सकाळी दूध आणायला जातात. ज्यांच्या भाऊबंदांना देवळात जायची बंदी होती, त्यांच्यातलेच काही आधी चर्चमध्ये शिरले होते. पण तिथेही हिशोब पूर्ण मिटला नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतलं. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. काकांच्या चुलतभावाची मुलं एका घरात, पण दोन कागदांवर वाढली. याविषयी काका पाच मिनिटं बोलले आणि मग म्हणाले, हे आनंदाच्या लेखात कशाला घालतेस. मी घातलं.

वसईची सून या घरात येणंही सरळ झालं नव्हतं. तिच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची कॅथलिक, बागायतदार, बोली वेगळी, पोर्तुगीज आडनावांची. नगरकडचं आडनाव ऐकल्यावर तिकडे जी शांतता पसरली, ती धर्म एक असल्यानं भरून निघाली नाही. दीड वर्ष लागलं. अखेर तिच्या आजीनं निकाल दिला: पोरगा रविवार चुकवत नाही ना, मग झालं. लग्नात वसईच्या बायकांनी त्यांची गाणी म्हटली, नगरच्या बायकांनी त्यांची. कुणाला कुणाची कळली नाहीत.

*

निवृत्तीनंतर सिस्टर समाजसेवेकडे कशी वळली, हे विचारताना मला काहीतरी हृदयस्पर्शी उत्तराची अपेक्षा होती. "दोन महिने घरी बसले," ती म्हणाली. "हाडं दुखायला लागली. सुनेची भांडी घासायची पद्धत दिसायला लागली. तेव्हा कळलं, मी बाहेर पडणं सगळ्यांच्याच हिताचं."

मग ती संत विन्सेंट डी पॉल सोसायटीत जाऊ लागली. नावावरून हे धर्मगुरूंचं काम वाटतं, पण संस्था साध्या संसारी माणसांची. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्यानं मित्रांबरोबर ती उभी केली. आदल्याच वर्षी तिथे कॉलऱ्यानं थैमान घातलेलं. वादसभेत विरोधकांनी विचारलं, तुमच्या चर्चनं पूर्वी केलं ते ऐकलं, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? ओझानामकडे उत्तर नव्हतं. सभेनंतर तो आणि एक मित्र आपल्या खोलीतलं उरलेलं सरपण एका गरीब घरी देऊन आले, असं सांगतात. पुढे तो सोरबोनला प्राध्यापक झाला, दान्तेवर लिहिलं, संसार केला, एका मुलीचा बाप झाला, आणि ८ सप्टेंबर १८५३ ला चाळिशीतच गेला. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी. सिस्टरला यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: "बायको-पोर असलेला माणूस होता. नाहीतर संत म्हणजे सगळे बिनसंसारी. त्यांना काय जातंय."

सोसायटीची रीत दोन-चार नियमांची. आठवड्याला बैठक. बैठकीत एक पिशवी फिरते, तीत प्रत्येकानं हात घालायचा; कुणी किती टाकलं, टाकलं की नुसता हात घातला, ते कुणाला कळत नाही. ज्या घरी जायचं त्या घराचं नाव बाहेर बोलायचं नाही. आणि जायचं ते जोडीनं, एकट्यानं कधीच नाही. जोडीचं कारण मला आधी सावधगिरीचं वाटलं होतं. प्रत्यक्ष पाहिल्यावर समजलं की काही कामं एका माणसाला होतच नाहीत.

घाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात, तळमजल्याच्या खोलीत, अर्धांगानं पडलेल्या एक आजी आहेत. सून फुलवाती वळून दुकानदारांना देते, मुलगा रोजंदारीवर. धर्मानं हिंदू, गळ्यात तुळशीची माळ. सिस्टरची नेहमीची जोडीदारीण त्या दिवशी आजारी होती म्हणून मला नेलं. "हात धुऊन ये, अंगठी काढ," ही पहिली आज्ञा.

चादर बदलायची होती. आजींना एका कुशीवर वळवून मी खांदा आणि कंबर धरायची, तोवर सिस्टरनं जुनी चादर लांबीला गुंडाळत पाठीपर्यंत आणली, नवी तिच्या शेजारी अर्धी उलगडून खोचली. मग आजींना त्या गुंडाळीवरून अलगद दुसऱ्या कुशीवर. जुनी निघाली, नवी ओढून ताठ केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. चादरीला एकही चुणी राहता कामा नये. चुणीच पुढे जखम करते. मग सिस्टरनं माकडहाडाजवळची लाली अंगठ्यानं दाबली आणि सोडली. दाबलेली जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली. "ठीक. दाबल्यावर पांढरी पडली नसती तर पाठ लागायला सुरुवात झाली म्हणायची." दोन गुडघ्यांमध्ये उशी, घोट्याखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे टाच हवेत राहते. सुनेला तिनं वहीच्या पानावर आकडे लिहून दिले होते, दर दोन तासांनी कूस. रात्रीच्या आकड्यांपाशी सून थांबली. तिचे डोळेच बोलत होते. सिस्टरनं पेन्सिलनं रात्रीचे दोन आकडे ठेवले, बाकीचे खोडले. "पुस्तकात दोन तास लिहिलंय. पण पुस्तकाला सकाळी उठून वाती वळायच्या नसतात."

मग तिनं आजींची नखं कापली. एकेक बोट हातात घेऊन, पाच-पाच सेकंद थांबत, कारण आखडलेली मूठ घाईनं उघडत नाही. पूर्ण वेळ ती दुधाच्या भावाबद्दल बोलत होती. प्रार्थना नाही, उपदेश नाही. निघताना फक्त आजींच्या कपाळावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले.

*

हल्ली अशा बाईला सगळीकडे एक प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळून हा लेख लिहिणं खोटेपणाचं होईल. आठवड्यातून दोन सकाळी सिस्टर एका मोठ्या दवाखान्यात बसते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या नातेवाइकांना केसपेपर कुठे, रक्ताची चिठ्ठी कुठल्या खिडकीत, एक्स-रे कुठल्या मजल्यावर, हे दाखवायला. तिथे कुणीतरी गळ्यातला क्रूस पाहून विचारलं, "मावशी, याच्या बदल्यात नाव बदलायला लावता का?"

"नाव बदललं तर केसपेपर नवा काढावा लागेल," सिस्टर म्हणाली. "रांग बघितली का?"

विचारणारा हसला. पण घरी येऊन ती त्या दिवशी जेवली नाही, हे सुनेनं मला सांगितलं. तेहेतीस वर्षं त्याच वॉर्डांतून फिरताना गणवेश होता, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. क्रूस काढून जावं का, यावर घरात बैठक बसली. मुलाचं म्हणणं, काढ, कशाला उगीच. काकांचं म्हणणं, गाडीला पाटी लागतेच. पाटी काढली म्हणून गाडी दुसरीकडे जात नाही आणि प्रवाशांचा मात्र गोंधळ होतो. क्रूस गळ्यातच राहिला.

दुसरी तक्रार घरातली. एका रविवारी काकांच्या लग्नाचा वाढदिवस होता (त्यांच्या भाषेत त्यांचा, सिस्टरच्या भाषेत दोघांचा), आणि दुपारी तिला कुणाकडे तरी ऑक्सिजनचं मशीन कसं लावायचं ते दाखवायला जावं लागलं. ती संध्याकाळी सातला आली. काका रोझरीला बसले नाहीत. "जगाला वेळ आहे," एवढंच म्हणाले. त्यानंतर फ्रीजवर एक कागद लागला. त्यावर सिस्टरचे वार लिहिलेले आहेत आणि रविवारच्या चौकोनात काकांच्या अक्षरात: 'डेपो बंद'. अजूनही तो कागद आहे. सिस्टर वर्षातून तीन-चार रविवारी तो मोडते आणि त्या वेळी काका तिच्याबरोबर जातात, तोंड पाडून, स्कूटर चालवत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांना आनंद या शब्दाचं भारी प्रेम होतं. २०१३ मध्ये शुभवर्तमानाच्या आनंदावर, २०१६ मध्ये कुटुंबातल्या प्रेमाच्या आनंदावर, अशी त्यांची मोठी पत्रकं निघाली. पहिल्यात त्यांनी कायम उपवासकाळातलाच चेहरा करून वावरणाऱ्या ख्रिस्ती लोकांना चिमटा काढला होता. सुनेनं हे वाचलेलं आहे. त्या रविवारी तिनं सासऱ्यांना ते सांगायचा प्रयत्न केला. वेळ चुकली.

*

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाल येशूची यात्रा भरते. प्राग शहरात एका सरदार घराण्यातल्या बाईनं १६२८ मध्ये कार्मेलाइट मठाला बालयेशूची छोटी मेणाची मूर्ती दिली. त्या भक्तीची एक फांदी पुणे रस्त्यावर इतकी फोफावली आहे, की त्या दोन दिवसांत मुंबई, वसई, गोवा इथून गाड्यांची रीघ लागते. मराठी, इंग्रजी, कोकणी, तमिळ, मल्याळम अशा भाषांमध्ये मिस्सा चालू असतात. नवसाच्या मेणबत्त्या विकत मिळतात: मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर, मेणाचं बाळ. रांगेत निम्म्या बायकांच्या कपाळावर कुंकू असतं.

या घराची ही खरी दिवाळी, आणि सगळे कामावर. सिस्टर प्रथमोपचाराच्या तंबूत. मुलगा सुट्टी टाकून पार्किंगला. सून हरवलेल्या मुलांच्या टेबलावर, कारण तिला वसईची बोली, मराठी आणि मोडकी कोकणी येते. काका पाण्याच्या पिंपाशी. नातू वेदीसेवक, पांढऱ्या झग्यात, घंटी वाजवायच्या नेमक्या क्षणी जांभई देतो.

गेल्या खेपेला मी सुनेच्या टेबलाशी दोन तास बसले. त्या वेळात पाच मुलं आली आणि एक नवरा. मुलं शांत होती. नवऱ्याला रडू फुटायच्या बेतात होतं. बायको सापडली तेव्हा ती त्याच्यासाठी रांगेत जागा धरून उभी होती आणि चिडलेली होती. चार वाजता सगळं घर मंडपाच्या मागे सतरंजीवर जमलं. डब्यात बाजरीची भाकरी, ठेचा, आणि सुनेनं पहाटे तळलेले वसईचे फुगे, आंबवलेल्या पिठाचे गोळे. मुलाच्या शर्टाला धूळ, सिस्टरच्या बोटांना आयोडीनचा डाग. काका म्हणाले, आज सोळा पिंपं संपली. सिस्टर म्हणाली, मोजत बसलात म्हणजे काम केलं नाही. नात सतरंजीवर आडवी होऊन फुग्याला भोक पाडून त्यातून आभाळ बघत होती. पुढची वीस मिनिटं कुणी काहीच बोललं नाही, कुणाला बोलायची गरजही नव्हती. मी माझ्या घरात असं शेवटचं कधी बसले होते, हे आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सप्टेंबरात हरेगाव. श्रीरामपूर तालुक्यातलं, जुन्या साखर कारखान्याचं गाव. आठ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिन, त्याच्या आगेमागे मतमाऊलीची यात्रा. नऊ दिवसांचा नोव्हेना, लांबून पायी येणाऱ्या दिंड्या. पंढरीची वाट ज्या मातीतून जाते त्याच मातीतली माणसं, त्यामुळे मातेला माऊली म्हणणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. काका आता बस चालवत नाहीत, पण हरेगावला जाताना ड्रायव्हरच्या मागची सीटच लागते, आणि ब्रेक लागला की त्यांचा पाय हलतो.

त्याच बसमध्ये काकांनी मला 'बाखरबाबां'बद्दल सांगितलं. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८ मध्ये आले आणि नगरकडच्या कोरडवाहू रानांत आयुष्य घालवलं. पाणलोट विकासाचा इंडो-जर्मन कार्यक्रम त्यांच्या पुढाकारातून उभा राहिला. १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था. त्यांची अट होती: गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, मगच पैसा. "फुकट दिलेल्या बांधाला कुणी दगड लावत नाही, हे त्यांना कळलं होतं," काका म्हणाले. मग खिडकीबाहेर बोट दाखवून तासभर ते फक्त उसाबद्दल बोलले.

डिसेंबरात याच घरातून गल्लीला फराळ येतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, सगळं आपल्यासारखंच, फक्त दीड-दोन महिने उशिरा. आमच्या दिवाळीत त्यांच्या डब्याला भाजणी आमच्याकडून जाते आणि नाताळात तीच चकली होऊन परत येते. नक्षत्राचा कंदील आणि आकाशकंदील एकाच माळ्यावर, एकाच पिशवीत ठेवलेले.

*

यंदाच्या पावसाळ्यात एका दुपारी गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याचा निरोप आला. घाटावरचे लोक चौथ्या मजल्यावरून बोलल्यासारखे एकमेकांना ओरडून सांगत होते: दुतोंड्याच्या कमरेला. तासाभरानं: छातीला. वाड्यातल्या आजींची खोली तळमजल्यावर. मुलगा कामावर, फोन लागत नाही.

सिस्टर निघाली तेव्हा काकांनी छत्री घेतली. रविवार होता. कागदाचं नाव कुणी काढलं नाही. सिस्टरचा मुलगा, शेजारचे दोघे आणि एक अनोळखी भेळवाला अशा चौघांनी जाड चादरीचे कोपरे धरले, आणि आजींना उचलून गल्लीतून वर आणलं. फुलवातींची पोती आजींच्या सुनेनं डोक्यावर. वाटेत घाटाचा तो भाग दिसतो. गढूळ पाणी कमानीच्या रोखानं चढत होतं, घंटा वर गप्प. वसईची सून थोडी थांबली, पाहिलं, आणि पुढे होऊन चादरीचा सुटत आलेला कोपरा धरला.

आजींची खाट सिस्टरच्या हॉलमध्ये लागली, क्रुसाच्या आणि मरियामातेच्या मूर्तीच्या बरोबर खाली. संकोचानं त्यांची सून दाराशीच उभी. सिस्टरनं तिला आत ढकलून कणीक मळायला बसवलं. साडेसात वाजले. टीव्ही बंद झाला. नात आजींच्या उशाशी जाऊन त्यांच्या तुळशीच्या माळेवरून बोट फिरवत मोजत राहिली, दोनदा चुकली, मग आईला ओरडून म्हणाली, "यांच्यात एकशे आठ आहेत! आपल्यापेक्षा जवळजवळ डबल!"

"मग आज थांबे जास्त," काका म्हणाले.

पाणी रात्री उतरायला लागलं. अकराच्या सुमारास मी निघाले, तेव्हा सिस्टर आजींची पाठ तपासून उठत होती. चादरीची चुणी तिनं हातानं सपाट केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्या सकाळी सहाला जागी असतेस ना? सुनेला झोपू दे जरा. कूस बदलायला दुसरं माणूस लागतं."

मी अंगठी काढूनच ठेवली.